फाटक कोण उघडते?

‘दार उघडले’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. कोणीतरी दार उघडले, हा एक. दार आपले आपण उघडले, हा दुसरा. ‘उघडणे’ हे क्रियापद मराठीत सकर्मकही आहे आणि अकर्मकही, त्यामुळे रूप दोन्हीकडे तेच राहते. घरातल्या दाराबाबत ही संदिग्धता फारशी अडत नाही, कारण आत कोण आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असते. विजेवर चालणाऱ्या फाटकाबाबत मात्र ती खरी अडचण ठरते. अलिबाग, मुरूड, कर्जत, मुळशी या बाजूंना एकर-दोन एकरांच्या वाड्यांवर बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली, आणि त्यांच्या तोंडाशी सरकती स्वयंचलित फाटके बसली. रस्त्यावर गाडी थांबते, रिमोटचे बटण दाबले जाते, फाटक बाजूला सरते. ते नीट चालते तोवर ते कोण उघडते हे कोणी विचारत नाही. ते अडले, अर्ध्यावरून मागे फिरले किंवा त्यात कोणी सापडले, की प्रश्न उभा राहतो. भारतीय तत्त्वचिंतनात हा प्रश्न फार जुना आहे: कर्ता कोणाला म्हणायचे?

पाणिनीने कर्त्याची व्याख्या स्वातंत्र्यावर उभी केली. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. क्रिया साधण्यात जे सर्वांत उपयोगी पडते, ते करण, म्हणजे साधन. लाकूडतोड्या कर्ता, कुऱ्हाड करण. दुसऱ्याला कामाला लावणारा, म्हणजे प्रयोजक, यालाही पाणिनीने कर्त्यातच धरले आहे. नैयायिकांनी कर्तेपणाच्या तीन खुणा सांगितल्या: ज्या सामग्रीतून काम करायचे तिचे प्रत्यक्ष ज्ञान, ते करण्याची इच्छा, आणि त्यासाठीचा प्रयत्न. तिन्ही एका ठिकाणी असतील तिथे कर्ता आहे. व्याकरणकारांनी आणखी एक बारकावा टिपला. भात शिजवला जातो, तरी लोक ‘भात शिजतो’ म्हणतात. क्रिया इतकी सुकर झाली, की करणाऱ्याचे कष्ट सांगावेसेच वाटत नाहीत. मग ज्याच्यावर क्रिया घडते तेच बोलण्यात कर्ता होऊन बसते. ‘फाटक उघडते’ हे वाक्य याच जातीचे आहे. सोयीमुळे कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. व्यवहारातूनही तो नाहीसा होतो का, हा पुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर शोधायला फाटकाची पेटी उघडून पाहावी लागते. सरकते लोखंडी फाटक चार-पाच मीटर रुंद आणि सहज चार-पाचशे किलो वजनाचे असते. ते जमिनीत बसवलेल्या रुळावरून चाकांवर धावते. त्याच्या अंगाला दातेरी पट्टी जोडलेली असते, तिला कारागीर रॅक म्हणतात. खांबाजवळच्या पेटीत मोटर आणि मोटरला दातेरी चक्र असते. चक्र फिरले की दात्यांत दाते अडकून फाटक सरकते. कुठे थांबायचे हे लिमिट स्विच सांगतो. वाटेत कोणी आहे का, हे समोरासमोर बसवलेल्या सेन्सरच्या जोडीतला न दिसणारा किरण सांगतो. या सर्वांकडून खबर घेऊन कंट्रोल बोर्ड मोटरला हुकूम देतो. बोर्डावर बारीक स्विच आणि स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या खुंट्या असतात. किती जोराने ढकलायचे, किती सेकंद उघडे राहायचे, अडथळा लागला तर थांबायचे की मागे फिरायचे, हे तिथे ठरते. ठरवणारा माणूस एका दिवसापुरता तिथे उभा होता. तो गेला आणि त्याचे निर्णय पेटीत राहिले.

आपोआप उघडणाऱ्या दाराचे आकर्षण विजेच्या आधीचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरोनने देवळाच्या दाराची एक युक्ती लिहून ठेवली. वेदीवर अग्नी पेटला की खालच्या बंद पात्रातली हवा तापून पसरते, ती पाणी ढकलते, पाणी टांगलेल्या भांड्यात उतरते, भांडे जड होऊन खाली जाते आणि त्याच्या दोरीने दाराचे खांब फिरतात. अग्नी विझून हवा निवली, की पाणी परतते आणि प्रतिभाराने दारे मिटतात. भक्ताला एवढेच दिसते, की होम झाला आणि देवाने दार उघडले. यंत्राने जागा रिकामी ठेवली आणि श्रद्धेने तिथे देवाला बसवले. आजच्या फाटकात त्या जागी देव बसत नाही, पण जागा तशीच रिकामी दिसते.

भारतात या रिकाम्या जागेचा विचार अकराव्या शतकात, धारच्या भोज राजाच्या नावावरील समरांगणसूत्रधार या वास्तुग्रंथात झालेला दिसतो. त्यातला एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे, आणि दाराशी पहारा करणाऱ्या यंत्रपुरुषाचाही त्यात उल्लेख आहे. यंत्रे कशाने चालतात यावरून ग्रंथकार त्यांचे प्रकार करतो. स्वयंवाहक, म्हणजे आपले आपण चालणारे. सकृत्प्रेर्य, म्हणजे एकदा चालना दिली की चालत राहणारे. अंतरितवाह्य, म्हणजे चालवणारा आडोशाला असलेले. आणि ज्याला चालवणारा जवळच असतो, ते चौथे. यंत्रांची घडण सविस्तर सांगितलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असेही ग्रंथ म्हणतो. चालवणारा झाकला तरच पाहणाऱ्याला विस्मय वाटतो, हे ग्रंथकार जाणून होता.

या वर्गवारीत आजचे फाटक बसवले, तर ‘स्वयंचलित’ हा शब्द टिकत नाही. ते एका अंगाने सकृत्प्रेर्य आहे, कारण बसवणाऱ्याने एकदा दिलेल्या मापांवर ते वर्षानुवर्षे चालते. दुसऱ्या अंगाने ते अंतरितवाह्य आहे, कारण बटण दाबणारा काचेआड, गाडीत किंवा आणखी दूर असतो. फाटकाच्या पेटीत सिमकार्ड बसवले, की दादरच्या घरातून मिस्ड कॉल देऊन शंभरेक किलोमीटरवरचे अलिबागकडचे फाटक उघडता येते. नैयायिकांच्या तीन खुणा इथे तीन ठिकाणी पांगलेल्या दिसतात. उघडण्याची इच्छा दादरला आहे. प्रयत्न मोटरमध्ये आहे. वाटेत कोण उभे आहे याची प्रत्यक्ष खबर सेन्सरला आहे. इच्छा करणाऱ्याला दिसत नाही, पाहणाऱ्या सेन्सरला इच्छा नाही, आणि मोटरला दोन्ही नाही. स्वयंचलनाने कर्ता मरत नाही. त्याचे तीन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

कर्म अनेकांच्या मेळाने घडते हे गीतेला मान्य आहे. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरीत त्यांचा विस्तार आहे. फाटकाला ही मांडणी सहज लागू पडते. जमीन, रूळ आणि खांब हे अधिष्ठान. मोटर, रॅक, सेन्सर ही करणे. फिरणे, सरकणे, थांबणे या चेष्टा. आणि ऐन रोहिणीत आलेला वळीव, पलीकडच्या खांबावर पडलेली वीज, हे दैव. गीतेने दैव यादीत घेतले, पण पाचवे. दुरुस्तीच्या कामात हा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. वीज पडणे दैवाकडे जाते; अर्थिंग न करणे जात नाही. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणार हे ठाऊक असताना पेटीचे झाकण फटीसह बसवले, तर पहिल्या पावसात जळालेल्या बोर्डाचा दोष आभाळाला देता येत नाही.

बंद पडलेले फाटक दुरुस्त करण्याची रीत या विचाराला आणखी पुढे नेते. जाणता कारागीर आधी बोर्डाला हात लावत नाही. पेटीच्या अंगाला एक छोटी चावी लागते, ती फिरवली की मोटर आणि रॅक यांचा संबंध सुटतो. मग तो फाटक हाताने ढकलून पाहतो. ते हलके सरकले, तर दोष विजेच्या बाजूला. जड गेले, मधेच अडखळले, तर दोष लोखंडात: रुळात माती आणि खडी भरली आहे, चाकाचे बेअरिंग गंजले आहे, किंवा खांब पावसाळ्यात खचून रूळ वाकडा झाला आहे. म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी ही, की फाटकाचे स्वयंचलितपण काढून घ्यायचे आणि ते माणसाच्या तळहाताखाली आणायचे. पांगलेले तीन तुकडे तेवढ्या वेळापुरते एकत्र येतात. जो पाहतो तोच इच्छितो आणि तोच ढकलतो. फाटकाच्या सगळ्या आयुष्यात पूर्ण अर्थाने कर्ता असतो तो हा दुरुस्ती करणारा, आणि म्हणून त्याच्या हातून होणाऱ्या चुकीचे वजनही सर्वांत जास्त.

पहिली चूक जोराची. फाटक जड झाले आहे हे कळूनही रूळ साफ करायला, चाक बदलायला वेळ आणि पैसा लागतो. बोर्डावरची जोराची खुंटी दोन मिनिटांत वाढवता येते. फाटक पुन्हा धावते, मालक खूश होतो. पण ज्या वाढीव जोराने ते चिखलातून पुढे जाते, त्याच जोराने ते मधे आलेल्या माणसालाही रेटणार असते. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकाने याची मर्यादा आखून दिली आहे. मिटत्या फटीत, ती पन्नास सेंटिमीटर किंवा त्याहून अरुंद असताना, धडकेचा जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, म्हणजे ढोबळमानाने चाळीस किलोचा भार. आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली आला पाहिजे. पाऊण सेकंद हा आकडा मानवी देहाच्या सोसण्यावरून आलेला आहे. खुंटी फिरवणारे बोट त्या देहाला कधी भेटणार नाही, तरी त्याच्याविषयीचा निर्णय त्याच बोटाने झालेला असतो.

दुसरी चूक सेन्सरची, आणि तत्त्वाच्या दृष्टीने ती अधिक खोल आहे. पावसाळ्यात सेन्सरच्या काचेवर बाष्प धरते, कोळी जाळे विणतो, लाल मुंग्या आत घर करतात. कधी पाल दोन टोकांना चिकटून जळालेली सापडते. किरण तुटला की बोर्ड समजतो वाटेत कोणी आहे, आणि फाटक मिटत नाही. अशा वेळी सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडल्या जातात. कारागिरांच्या बोलीत याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. पीळ जेमतेम बोटाच्या पेराएवढा असतो, वरून काळी टेप गुंडाळलेली असते. सेन्सरचे मंडल मुद्दाम असे बांधलेले असते, की वाट मोकळी असताना ते जोडलेले राहावे आणि अडथळा आला, तार तुटली किंवा सेन्सर बिघडला, तर ते तुटावे. शंका असेल तर थांब, असा त्याचा स्वभाव आहे. त्या पिळाने हा स्वभाव मोडतो. मंडल कायमचे जोडलेले राहते आणि बोर्डाला दिवसरात्र एकच साक्ष मिळत राहते: वाटेत कोणी नाही.

‘कोणी नाही’ हे ज्ञान कसे होते, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे. कुमारिलभट्टाच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते प्रत्यक्षातच धरले. पण एका अटीवर एकमत आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही असे म्हणता येते. काळोखात दिसला नाही, तर काहीच म्हणता येत नाही. डायरेक्ट केलेला सेन्सर हा काळोखातून दिलेला निर्वाळा आहे. धडधाकट सेन्सरलाही या अटीची मर्यादा आहे. किरण साधारण अर्ध्या मीटरवर असतो. त्याखालून रांगणारे मूल, कुत्रे, खाली पडलेला माणूस त्याला दिसत नाही. म्हणून एकच किरण बसवून वाट मोकळी असल्याची खात्री देणे, हेही अर्धवट प्रमाणावर पूर्ण निष्कर्ष काढणे आहे. फाटकाच्या कडेला दाबाने जाणणारी रबरी पट्टी लावतात ती यासाठी. डोळा चुकला तर स्पर्शाने कळावे.

ही चर्चा पुस्तकी नाही. २०१० च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये, वेल्समधील ब्रिजेंड आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथे, आठवड्याच्या आत दोन लहान मुली विजेवरच्या फाटकांत सापडून मरण पावल्या. ब्रिजेंडच्या प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालयाने फाटक बसवणाऱ्या आणि त्याची देखभाल करणाऱ्या अशा दोन्ही कंपन्यांना दंड केला. एकाने चुकीचे मांडून ठेवले, दुसऱ्याने नंतर येऊनही ते मोजून पाहिले नाही. आधीच्याचा दोष आहे म्हणून नंतरचा सुटला नाही, आणि नंतर कोणी आला होता म्हणून आधीचाही सुटला नाही. कर्तेपण वाटले गेले तरी कमी होत नाही, हे त्या निकालातून दिसते. प्रत्येक वाटेकऱ्याच्या पदरी त्याचे ते पूर्ण पडते. वाडीवरच्या माणसाला फोनवर ‘काही कर, पण आज गेट चालू करून दे’ असे सांगणारा मालक पाणिनीच्या अर्थाने प्रयोजक आहे. तारांना पीळ कोणी दिला एवढ्यावर त्याची सुटका होत नाही.

इथे एक आक्षेप येतो. आपणच एकटे कर्ते आहोत असे मानणारा नीट पाहत नाही, असे गीता त्याच अठराव्या अध्यायात सांगते. पुढे तर ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर चढवल्यासारखे फिरवतो, असेही येते. मग यंत्राने केले, देवाने केले, असे म्हणणाऱ्याची चूक काय? चूक फळाच्या बाजूने तपासली की कळते. गीतेचा कर्मयोगी फळावरचा हक्क सोडतो आणि कर्म हातात ठेवतो. ‘यंत्राने केले’ म्हणणारा नेमके उलटे करतो. पावसात गाडीतून उतरावे लागत नाही, हे फळ तो ठेवतो आणि कर्म मोटरवर ढकलतो. ‘मी कर्ता नाही’ हे शब्द दोघांच्याही तोंडी येतात, पण एकाने अहंकार टाकलेला असतो आणि दुसऱ्याने उत्तरदायित्व. पाच कारणांतले एकच आपले आहे हे ओळखणारा ते एक काळजीपूर्वक सांभाळतो. बाकीची चार आपली नाहीत म्हणून पाचही सोडून देत नाही.

हा विचार लोखंडी फाटकापुरता नाही. बोर्डावर ‘किती सेकंद उघडे’ याचे माप गाडीच्या हिशेबाने लावलेले असते. पंधरा सेकंदांत गाडी आत जाते. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण किंवा काठी टेकत येणारा म्हातारा जात नाही. माप लावताना कोणाला पाहुणा धरले आणि कोणाला धरले नाही, हे त्या आकड्यात गोठलेले असते. समाजाच्या रूढी अशाच एकदा लावलेल्या मापांवर चालतात. पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी महाद्वाराशी, पायरीजवळ आहे. आत जाण्याचा अधिकार त्याच्या जातीला शतकानुशतके नव्हता. दार कोणी अडवले, असे विचारले तर उत्तर मिळे, रीत आहे. रीत हे सकृत्प्रेर्य यंत्र आहे. तिला चालना देणारे केव्हाच गेले, पण तिची पेटी दर पिढीत कोणाच्या तरी अंगणात असते आणि ती उघडायची की नाही, हे त्या पिढीतली माणसे ठरवतात. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. त्या उपोषणाने दाराला पुन्हा माणसाच्या हाताखाली आणले. ज्यांनी ते उघडले त्यांना ते कालपर्यंत बंद ठेवल्याचेही कर्तेपण घ्यावे लागले, आणि अशा दुरुस्तीतला सर्वांत जड भाग तोच असतो.

फाटकाच्या दुरुस्तीतही काम संपल्याची खूण फाटक चालू होणे ही नाही. रूळ साफ झाला, चाक बदलले, सेन्सरच्या काचा पुसल्या, पीळ सोडवून तारा आपापल्या जागी गेल्या, की जोराची खुंटी खाली आणून पुन्हा माप लावावे लागते. मग मिटत्या फाटकाच्या वाटेत एक लाकडी ठोकळा, एकदा किरणाच्या उंचीवर आणि एकदा जमिनीलगत, ठेवून पाहावे लागते. दोन्ही वेळा फाटक थांबून मागे फिरले पाहिजे. जमिनीलगतच्या ठोकळ्याला ते थांबले नाही, तर रबरी पट्टी लागेल हे मालकाला स्पष्ट सांगावे लागते, आणि ती लागेपर्यंत फाटक बटणावर न ठेवता हाताने चालवायचे, हेही. केलेल्या बदलांची नोंद तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवली, तर पुढे येणाऱ्याला आधीच्याने काय केले हे कळते. शेवटी ती छोटी चावी. ती बहुतेक ठिकाणी मुंबईच्या घरातल्या कपाटात असते. तिची जागा वाडीवर राहणाऱ्या माणसाच्या खुंटीवर आहे, आणि ती कशी फिरवायची हे त्याच्याकडून एकदा करवून घ्यावे लागते. वीज गेली, कोणी सापडले, तर पाहणारा तोच असणार, धावणारा तोच असणार, आणि तेव्हा फाटक त्याच्याच हाताने सरकायला हवे.